डोळ्यात नेमकं काय बसवलंय?

एमआरआयच्या आधी एक फॉर्म भरून घेतात. पेसमेकर आहे का, हाडात रॉड आहे का, अंगात कुठे धातू आहे का. गेल्या पावसाळ्यात इंदूरच्या गीता भवन भागातल्या एका सेंटरवर मी आमच्या काकांचा हा फॉर्म भरत होतो. कंबरेचं दुखणं वाढलं होतं, पाय बधिर होत होता, म्हणून तपासणी सांगितली होती. मी सगळीकडे ‘नाही’वर खूण करत चाललो होतो. तेवढ्यात काका म्हणाले, “अरे, माझ्या डोळ्यात नळी आहे ना.”

काउंटरवरच्या मुलाने मान वर केली. “कौन सी नली, दादाजी?”

“काला मोतिया वाली.”

“मेटल की है क्या?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी काकूकडे, आणि काकूने पिशवीत हात घातला. पिशवीत रक्ताचे रिपोर्ट होते, आधार कार्ड होतं, तहानलाडू होते. नळीचा कागद नव्हता. ऑपरेशन नऊ वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात झालेलं. रामबागेतलं जुनं घर सोडून राजेंद्रनगरच्या फ्लॅटमध्ये येताना ती फाइल रद्दीत गेली असणार. मी त्या रुग्णालयात फोन लावला. एवढ्या जुन्या फाइली आम्ही ठेवत नाही, असं तिथल्या बाईंनी अतिशय सौजन्याने सांगितलं.

त्या दिवशी एमआरआय झाला नाही. चार दिवसांनी इंदूरच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी काकांना यंत्रासमोर बसवलं, वरची पापणी उचलून पाहिलं, सिलिकॉनची नळी आहे, धातू दिसत नाही, अशी चिठ्ठी लिहून दिली. कंबरेचा प्रश्न सुटला आणि डोळ्याचा सुरू झाला. कारण त्याच तपासणीत दिसलं, की नळीचं टोक कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, फार जवळ आहे आणि त्या बाजूचा कॉर्निया किंचित धुरकट व्हायला लागला आहे.

डॉक्टरांनी दोन गोष्टी विचारल्या. नळी कोणत्या कंपनीची? आणि ऑपरेशनच्या आधी कॉर्नियाच्या पेशी मोजल्या होत्या का? दोन्हींना आमच्याकडे उत्तर नव्हतं. पेशी त्यांनी मोजल्या, त्या कमी निघाल्या. पण कमी म्हणजे कशाच्या तुलनेत? मुळात कमी होत्या, वयाने गेल्या, की नळीने खाल्ल्या? सुरुवातीचा आकडाच नसेल तर वजाबाकी करायची कशातून?

तेव्हापासून मला एक गोष्ट छळते आहे. माणसाच्या डोळ्यात एखादी वस्तू कायमची बसवली जाते आणि ती काय आहे, हे त्या माणसाला माहीत नसतं. लेन्स असो की नळी. वस्तूची नोंद रुग्णाच्या हातात नसणं हा गबाळेपणा वाटतो, पण मला तो त्याहून गंभीर वाटतो. ज्या वस्तूचा माग काढता येत नाही तिचा दोष कोणालाच सापडत नाही. वस्तू बनवणाऱ्याला नाही, बसवणाऱ्याला नाही आणि सोसणाऱ्याला तर नाहीच.

आधी थोडं या नळीबद्दल. काचबिंदूत, म्हणजे काला मोतियात, डोळ्याच्या आत तयार होणारं पाणी नीट वाहून जात नाही, दाब वाढतो, मागची नस सुकत जाते, आणि गेलेली नजर परत येत नाही. थेंबांनी आणि साध्या शस्त्रक्रियेने भागलं नाही, की पातळ नळी डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात सोडतात. तिचं दुसरं टोक बुब्बुळापासून मागे, पापणीआड शिवलेल्या एका छोट्या पट्टीला जोडलेलं असतं. पाणी तिथे झिरपतं. न्यूझीलंडमध्ये नावारूपाला आलेल्या मोल्टेनो यांची ही मूळ कल्पना १९६० च्या दशकाच्या अखेरची. पुढे १९९३ मध्ये अहमद व्हॉल्व्ह आला. बेअरवेल्ट नावाची, व्हॉल्व्ह नसलेली, मोठ्या पट्टीची नळी आली. तिच्याच धर्तीवर मदुराईच्या ऑरोलॅबने २०१३ च्या सुमारास स्वस्त भारतीय नळी बाजारात आणली. याखेरीज एक्सप्रेस नावाचं स्टेनलेस स्टीलचं बारीक उपकरण आहे आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनातच बसवता येणारा, जेमतेम एक मिलिमीटरचा टायटॅनियमचा आयस्टेंट आहे. म्हणजे काउंटरवरच्या त्या पोराचा ‘मेटल की है क्या’ हा प्रश्न अगदी रास्त होता. त्या दिवशी मला तो आगाऊ वाटला, हे कबूल करतो.

व्हॉल्व्ह असलेल्या आणि नसलेल्या नळीचं दुखणंही वेगळं. व्हॉल्व्हवाली पहिल्या दिवसापासून दाब उतरवते, पण काही आठवड्यांत पट्टीभोवती जाड वेष्टन तयार होऊन दाब पुन्हा चढू शकतो. बिनव्हॉल्व्हची नळी आधी विरघळत्या दोऱ्याने बांधून ठेवावी लागते. पाचसहा आठवड्यांनी दोरा सुटला, की एकदम पाणी वाहतं, आणि तेव्हा दाब फार खाली गेला तर डोळा मऊ पडतो. दोन्ही प्रकारांत नळीवरचं आवरण झिजून ती उघडी पडू शकते, आणि उघडी नळी म्हणजे जंतूंना सरळ आत जायची वाट. मोठ्या पट्टीमुळे डोळ्याचे स्नायू अडखळले तर एकाचे दोन दिसतात. आणि टोक कॉर्नियाला लागलं, तर आतल्या अंगाच्या पेशींचा जो एकेरी थर कॉर्नियाला काचेसारखा स्वच्छ ठेवतो तो झडत जातो. प्रौढ माणसात या पेशी एका चौरस मिलिमीटरला अडीच हजारांच्या आसपास असतात. गेलेल्या पेशी पुन्हा येत नाहीत.

हे वाचून कोणी नळीला भिऊ नये. पाच वर्षं चाललेल्या एका गाजलेल्या तुलनेत जुन्या पद्धतीची शस्त्रक्रिया ४६.९ टक्के डोळ्यांत अपयशी ठरली, नळी २९.८ टक्के. काकांची नजर आज आहे ती या नळीमुळेच. माझं भांडण नळीशी नाही.

आपल्याकडे शब्दांनीही घोळ घातला आहे. माळव्यातल्या मराठी घरात डोळ्याचे रोग हिंदीतच बोलले जातात: सफेद मोतिया आणि काला मोतिया. दोन्ही मोतियाच, तेव्हा पांढरा जसा काढतात तसा काळाही काढून टाकतील, अशी समजूत होते. आमच्या काकूला कित्येक वर्षं वाटत होतं, की काकांचा ‘काला मोतिया निकल गया’. त्यामुळे पुढची तपासणी ही डॉक्टरांची हौस. मराठीतला काचबिंदू हा शब्द निदान वेगळा तरी आहे, पण इथे तो फक्त कीर्तनाला येणाऱ्या आजीबाई वापरतात.

मोतीबिंदूच्या लेन्सकडे येतो, कारण ती घरोघर आहे. २९ नोव्हेंबर १९४९ ला लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरोल्ड रिडली यांनी पहिली कृत्रिम लेन्स बसवली. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या छताचे प्लास्टिकचे कपचे घुसत. हे प्लास्टिक डोळा सहन करतो, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. ही गोष्ट सगळे सांगतात. तिचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. त्या पहिल्या रुग्ण बाईंच्या लेन्सचा हिशेब चुकला होता, चष्म्याचा नंबर उणे अठराच्या घरात गेला. रिडलींनी ती चूक लिहून ठेवली, म्हणून दुसरी लेन्स सुधारली. या शास्त्राची सुरुवातच चुकीच्या प्रामाणिक नोंदीतून झाली आहे. १९८० च्या दशकात बुब्बुळापुढे बसवायच्या काही बंद कडीच्या लेन्सांनी कॉर्निया सुजवले. नोंदी होत्या, म्हणून त्या लेन्स बाजारातून गेल्या.

आता सायपासची हकीकत ऐका. अल्कॉन कंपनीचा हा बारीक स्टेंट. मोतीबिंदू काढतानाच काचबिंदूसाठी बसवायचा. अमेरिकेत २०१६ च्या जुलैमध्ये त्याला परवानगी मिळाली, ती दोन वर्षांच्या निकालांवर. दोन वर्षांत सगळं ठीक दिसत होतं. पण ज्यांना स्टेंट बसवला आणि ज्यांचा फक्त मोतीबिंदू काढला, अशा दोन्ही गटांच्या कॉर्नियाच्या पेशी पुढेही मोजत राहायचं ठरलेलं होतं. पाच वर्षांनी नुसत्या मोतीबिंदूवाल्यांच्या १०.१ टक्के पेशी गेलेल्या दिसल्या. स्टेंटवाल्यांच्या गेल्या होत्या २०.४ टक्के. दुप्पट. २९ ऑगस्ट २०१८ ला कंपनीने जगभरातून तो स्टेंट मागे घेतला.

त्या रुग्णांपैकी कोणी डोळा गेला म्हणून आरडाओरडा केला नव्हता. बहुतेकांना काही जाणवतही नव्हतं. दोष सापडला तो तीन गोष्टींमुळे: सुरुवातीचा आकडा होता, कोणाला काय बसवलं ते माहीत होतं आणि पाच वर्षांनी त्या माणसांना पुन्हा बोलावता आलं. यातली एक जरी नसती तरी तो स्टेंट आजही बसवला जात असता, आणि जिथे तिथे एखादा म्हातारा ‘वयामुळे धुरकट दिसतं’ म्हणत बसला असता. माग काढता येत होता म्हणून पुढेही फायदा झाला. ज्यांच्या डोळ्यात तो होता त्यांना बोलावून पेशी तपासा, असं डॉक्टरांना कळवता आलं. आमच्या काकांना कोण कळवणार? कोणत्या नावाने?

लेन्सचं उदाहरणही हाताशी आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हायड्रोव्ह्यू नावाची लेन्स डोळ्यात गेल्यावर वर्षा-दोन वर्षांनी पांढरी पडू लागली. तिच्या पृष्ठभागावर कॅल्शियम साचत होतं, आणि मूळ सापडलं लेन्सच्या डबीत वापरलेल्या सिलिकॉनमध्ये. डबीत! लेन्स पांढरी पडली की वरवर पाहता लेन्सच्या मागचा पातळ पडदा जाड झाल्यासारखं वाटतं. इंदुरात त्याला झिल्ली म्हणतात आणि ती लेसरने साफ करतात. पण दोष लेन्सचाच असेल तर लेसरने काही साधत नाही. उलट मागचा पडदा फुटल्याने पुढे लेन्स बदलणं अवघड होतं. समोर बसलेल्या रुग्णाच्या डोळ्यात कोणती लेन्स आहे हे डॉक्टरला ठाऊक असेल तर तो दोनदा विचार करेल. ठाऊक नसेल तर लेसर मारेल. त्याची चूक म्हणता येईल का?

डोळ्यांतल्या वस्तूंपुरतंच हे नाही. जॉन्सन अँड जॉन्सनचा खुब्याचा एएसआर सांधा २०१० मध्ये जगभरातून मागे घेतला गेला. भारतात तो सुमारे ४७०० जणांना बसवलेला होता. त्यांतल्या हजाराच्या आसपास रुग्णांचाच ठावठिकाणा लागला. बाकीचे कुठे आहेत? नुकसानभरपाईचा नियम झाला, तेव्हा हक्कदारच हरवलेले होते. आणि खुबा निदान दुखतो तरी. कॉर्निया दुखायला लागेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

देशाचा एक आकडा मी वारंवार लोकांना सांगतो, आणि दरवेळी समोरचा म्हणतो, काहीतरी चुकतंय. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीच्या पुढच्या अंध माणसांची कारणं पाहिली गेली. ६६.२ टक्के अंधत्व न काढलेल्या मोतीबिंदूमुळे. ते अपेक्षितच. पण ७.२ टक्के मोतीबिंदूच्या ऑपरेशनातल्या गुंतागुंतीमुळे, आणि काचबिंदूमुळे ५.५ टक्के. म्हणजे काचबिंदूने जितके अंध होतात त्याहून जास्त मोतीबिंदूवरच्या उपचाराने. या ७.२ टक्क्यांत सगळा दोष लेन्सचा नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. त्यात जंतुसंसर्ग आहे, लेन्समागचा फाटलेला पडदा आहे, कॉर्नियाची सूज आहे, हुकलेला हिशेब आहे. कशाचा वाटा किती, हे सांगायला घराघरातल्या सुट्या नोंदी लागतील. त्याच तर नाहीत.

आपल्या भागात डोळे गेल्याची बातमी होते ती एकगठ्ठा गेले तर. २०१५ च्या नोव्हेंबरात बडवानीच्या शिबिरानंतर चाळीसहून अधिक लोकांची नजर गेली. त्यांना उपचारासाठी इंदूरला आणलं होतं, इथल्या वर्तमानपत्रांत पानंच्या पानं भरली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये खुद्द इंदूरच्या एका रुग्णालयात एका दिवसाच्या ऑपरेशनांनंतर ११ जणांचे डोळे गेले. मंत्री आले, निलंबन झालं, भरपाई जाहीर झाली, ऑपरेशन थिएटरला कुलूप लागलं. हे व्हायलाच हवं होतं. पण जंतुसंसर्ग चार दिवसांत ओरडून सांगतो, शिवाय त्याच्यावर इलाज सापडतोही. ऑपरेशनच्या शेवटी डोळ्यात मॉक्सिफ्लॉक्सासिन हे जंतुनाशक औषध सोडलं तर हा धोका किती घटतो, हे मदुराईच्या अरविंद रुग्णालयांनी सहा लाखांहून अधिक डोळ्यांच्या नोंदींतून दाखवलं: ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर. सहा लाख डोळे मोजले म्हणून हे दिसलं. सुटे, संथ नुकसान मात्र बातमीत येत नाही. परदेशीपुऱ्यात एक, महूला एक, देवासला एक. प्रत्येकाला वाटतं आपलंच नशीब.

डॉक्टर मित्रांशी यावर बोललो तेव्हा आक्षेप आले आणि ते फालतू नाहीत. एकाने म्हटलं, रुग्णाला कागद दिला की तो घाबरतो, गूगल करतो, आणि ऑपरेशनच पुढे ढकलतो. मग खरंच आंधळा होतो. दुसऱ्याचं म्हणणं, देशात वर्षाला साठ लाखांहून जास्त मोतीबिंदूची ऑपरेशनं होतात. शिबिरात रांग लागलेली असते, तिथे कागद कोण भरणार? तिसरा जास्त खरं बोलला. तो म्हणाला, नोंद केली की ती उद्या माझ्याविरुद्ध कोर्टात येईल.

पहिल्याला माझं उत्तर असं, की माणूस आजही घाबरतोच, फक्त अर्धवट ऐकून घाबरतो. दुसऱ्याला उत्तर अगदी साधं आहे. लेन्सच्या खोक्यात कंपनी, मॉडेल, नंबर आणि अनुक्रमांक छापलेली चिकटपट्टी असतेच, एकाहून जास्त असतात. एक केस पेपरवर लागते. दुसरी रुग्णाच्या कार्डावर लावायला किती वेळ लागतो? तिसऱ्याच्या भीतीपुढे मी थबकतो. दोष कळवणाऱ्याला आधी पोलीस भेटणार असतील तर कोणी कळवणार नाही. म्हणून वस्तूच्या दोषाची नोंद आणि माणसाच्या हलगर्जीची चौकशी यांच्या खिडक्या वेगळ्या हव्यात. दोष कळवायची खिडकी कागदावर आहेही. २०१५ पासून देशात वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद करणारा कार्यक्रम चालतो, गाझियाबादच्या औषधसंहिता आयोगाकडून. १८००-१८०-३०२४ हा त्याचा फुकटचा फोन, रुग्णही लावू शकतो. कृत्रिम लेन्स तर २००५ पासूनच कायद्याने औषधाच्या व्याख्येत आहे. डोळ्यात लेन्स बसवलेल्या ओळखीच्या दहाबारा जणांना मी विचारलं, एकालाही हा फोन माहीत नव्हता. आणि माहीत असता तरी पलीकडून पहिला प्रश्न येणार: उपकरण कोणतं?

एक गंमत पाहा. खासगी रुग्णालयात लेन्सच्या किमतीचा तक्ता असतो, इंडियन, इम्पोर्टेड, प्रीमियम. लग्नाच्या कार्यालयात जेवणाचे दर असतात तसा. म्हणून आपली माणसं अभिमानाने सांगतात, ‘मी अमेरिकन लेन्स बसवली’, ‘मी पस्तीसवाली घेतली’. किंमत तोंडपाठ, नाव ठाऊक नाही. शिबिरातल्या माणसाला तर किंमतही ठाऊक नसते, त्याला फक्त काळा चष्मा मिळाल्याचं आठवतं.

युरोपात २०२१ च्या मेपासून लागू झालेल्या नियमांनुसार शरीरात बसवलेल्या वस्तूचं कार्ड रुग्णाला द्यावंच लागतं. स्वीडनने १९९२ पासून मोतीबिंदूच्या ऑपरेशनांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली आहे. ते श्रीमंत आहेत, लहान आहेत, मान्य. पण आमचं शहर दारात कचऱ्याचे सहा प्रकार वेगळे करतं. ओला, सुका, प्लास्टिक, इलेक्ट्रॉनिक, घातक, सॅनिटरी. सकाळी गाडी येते आणि चुकीच्या डब्यात टाकलं तर गाडीवाला परत करतो. ज्या गावाला हे जमतं त्याला लेन्सचा अनुक्रमांक आयुष्मानच्या आभा या डिजिटल आरोग्य खात्यात चढवणं जमणार नाही, हे मी मानत नाही. सक्ती करायचीच तर माझ्या मते तीनच गोष्टींची करावी. रुग्णाच्या हातात चिकटपट्टी, काचबिंदूची वस्तू बसवण्याआधी कॉर्नियाच्या पेशींची मोजणी आणि पाच वर्षांनी पुन्हा एकदा बोलावणं. सरकारी उद्दिष्ट आज ऑपरेशनांच्या संख्येचं असतं. जिल्ह्याने किती डोळे केले ते विचारतात. त्यांतले किती पाच वर्षांनी पाहतात, हे विचारलं तर शिबिरांची रीतच बदलेल.

दिवाळीनंतर काकूचा मोतीबिंदू काढला, पलासियाच्या बाजूला. या वेळी मी आधीच सांगून ठेवलं होतं, लेन्सचं स्टिकर आम्हाला हवं. डिस्चार्जच्या वेळी काउंटरवर पुन्हा मागितलं. तिथला मुलगा हसला. “अंकल, ऐसा कोई माँगता नहीं. पैकेट में तीन-चार आते हैं, बाकी तो हम फेंक देते हैं.” मग आत जाऊन त्याने खरोखरच टोपलीतून एक काढून आणलं.

घरी आल्यावर मी एक वही केली. पहिल्या पानावर काकूचं स्टिकर चिकटवलं: उजवा डोळा, कंपनी, मॉडेल, नंबर, अनुक्रमांक, तारीख. दुसऱ्या पानावर काकांचं नाव घातलं. डावा डोळा, नळी, सिलिकॉन. पेशींचा यंदाचा आकडा आणि तारीख. कंपनीच्या पुढची जागा अजून मोकळी आहे.